मुठीत बसलेलं ड्रिल

सागवानाचा जळका भुसा नाकात गेला की लकडगंजच्या लाकूडबाजारातली ती दुपार आठवते. बाबांना नॅरोगेजच्या इंजिनांची लाकडी मॉडेल्स करायची होती, म्हणून छोटं ड्रिल शोधत आम्ही चार दुकानं फिरलो होतो. मी ऑफिसातून हाफ डे टाकून आलेली, पाय भरून आलेले. बाबांचा उजवा हात तेव्हा नुकताच थरथरायला लागला होता. घरात त्यावर कोणी बोलत नसे. दुकानदार म्हणाला, "काका, ही वाली मशीन घ्या, पॉवर जास्त आहे." बाबांनी ती हातातही घेतली नाही. प्रत्येक ड्रिल ते माझ्याकडेच सरकवत, "चालू करून पाह वं, मनगट दुखते का?" मी वैतागले. "मले काहून विचारता? काम तर तुम्हाले करायचं आहे." त्यांनी बारीक कानशी, चिमटे निवडले आणि माझ्या मुठीत नीट बसलं तेच ड्रिल बांधून घेतलं. आता रोज ऑफिसातून आले की मी इंजिनाच्या लाकडी भागांना भोकं पाडत बसते. बाबा शेजारी बसून पुढची खूण दाखवतात. बोट हलतं, खूण निसटते, मी अंदाजाने टोक टेकवते. डोळे मिटायला लागतात, पाठ धरते. मनगट मात्र खरंच दुखत नाही.