दुप्पट भरलेलं वजन

जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचं वजन काढणं हे माझ्या बाबांचं काम. कुणी विचारलं की आई म्हणायची, "न दिसणाऱ्या गोष्टी तोलतात. आमटीत मीठ जास्त झालेलं मात्र कळत नाही."

विषाणू फोडायचा, आतला डीएनएचा धागा बारीक काचनळीने ओढून यंत्रात सोडायचा आणि गरगर फिरवायचा. तो किती वेगाने तळाशी जातो, त्यावरून वजन निघतं. बाबांचा हात इतका स्थिर आणि चपळ, की प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'काटा' म्हणत. अकरा वर्षं त्यांचा आकडा तोच आला, हायड्रोजनच्या अणूच्या सहा कोटी पट. त्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, सरांचं, नाव झालं. बाबांच्या आयुष्याची कमाई म्हणजे तो हात, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

मग तोच हात थरथरू लागला. बारीक नळी धरता येईना, म्हणून बाबांनी गुपचूप रुंद तोंडाची नळी घेतली आणि जीव मुठीत धरून सावकाश काम केलं. आकडा आला बारा कोटी. चार वेळा केलं, चारही वेळा बारा. भोळेपणाने जाऊन त्यांनी सरांना सांगितलं.

सर हाताकडे बघत राहिले. "काटा, आता घरी बसा. या हातावर कोण विश्वास ठेवणार?"

माझा संताप संताप झाला. बाबा मात्र म्हणायचे, "बरोबर आहे गं त्यांचं. हात गेला माझा." चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, तरी बशीत सांडायचाच.

तीन वर्षांनी सर एक नियतकालिक घेऊन घरी आले. परक्या कुणीतरी बारा कोटी मोजले होते.

"तुमचंच खरं होतं," सर मान खाली घालून म्हणाले. "बारीक नळीतून झटकन ओढलं की धागा मधोमध तुटतो. आपण अर्धाच तोलत होतो."

आता तरी बाबा हसतील, असं मला वाटलं. त्यांनी लेख दोनदा वाचला, मिटून ठेवला आणि उजवा हात डाव्याने मांडीवर दाबून धरला.

"म्हणजे हात धड होता तेव्हा मी मोडत होतो? अकरा वर्षं?"

ते नियतकालिक सरांच्या तोंडावर फेकावंसं मला वाटलं, पण मी बाबांचा तो उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.