बास्केटखाली विहीणबाई

माझ्या व्याह्यांइतका हरण्याचा सराव अख्ख्या नाशकात दुसऱ्या कुणाला नसेल. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गल्लीमागच्या वसतिगृहातल्या मुलींना बास्केटबॉल शिकवायला घेतला, आणि सहा वर्षं त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात हरून घरी आला. माणूस मात्र शिस्तीचा. खेळाआधी प्रत्येक पोरीची नखं, बुटांच्या नाड्या, वेणीची रिबन हातात यादी धरून तपासायचे. विमान उडायच्या आधी तपासतात, मग पोरगी का नको, असं त्यांचं म्हणणं. जेवतानाही गळ्यात शिट्टी. मीठ हवं असलं की वाजवायचे आणि माझी लेक मुकाट्याने मीठ वाढायची. आमच्याकडे शिट्टी कुकर वाजवतो, व्याही नाही, असं मी एकदा सांगितलं. तेव्हापासून माझ्यासमोर हाक मारतात.

पोरी सगळ्या पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरच्या. डोंगर चढून शाळेत गेलेल्या, त्यांना दम म्हणून लागायचा नाही. पण समोर कुणी मोठं आलं की बाजूला व्हायचं, ही घरची शिकवण. सामन्यात शहरातली उंच मुलगी आडवी आली की आमची पोर चेंडू पोटाशी धरून तिला वाट द्यायची. गेल्या वर्षी वसतिगृहाच्या बाईंनी बजावलं की यंदा पहिला सामना हरलात तर खेळ बंद, पोरी अभ्यासाला बसतील.

तेव्हा व्याही माझ्याकडे आले. म्हणाले, "विहीणबाई, रोज तासभर बास्केटखाली उभ्या राहा. तुमच्यापुढून जायची माझीसुद्धा छाती होत नाही. त्या पोरी गेल्या, तर कुणाच्याही पुढून जातील."

पदर खोचून, हात पसरून उभी राहिले. आठ दिवस एकही पोर पुढे सरकली नाही. सुमन म्हणून एक होती, तिने तर चेंडू खाली ठेवला आणि माझ्या पाया पडली. व्याही म्हणाले, "अगं, जा ना."

"आजी उभी हाय ना, सर."

नवव्या दिवशी मीच तिला म्हटलं, "मी काय देव्हारा आहे? घरी कणीक मळायची पडलीय. जा, नाहीतर मी जाते."

ती गेली. मला वारा तेवढा लागला, आणि मागे चेंडू जाळीतून पडल्याचा आवाज आला. व्याही शिट्टी वाजवायची विसरले.

पहिला सामना पोरींनी दोन गुणांनी जिंकला. दुसऱ्यात सडकून हरल्या, पण खेळ राहिला.

यंदा व्याह्यांची नजर गेलीय. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. बास्केट दिसत नाही, मीही दिसत नाही. नव्या पोरी आल्यात, त्याही माझ्यासमोर थांबतात. दर वेळी व्याही खुर्चीतून विचारतात, "विहीणबाई, गेली का?"

कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय नाही. लेकीच्या लग्नात व्याह्यांचा फेटा वाकडा आहे, हे मी भर मांडवात सांगितलं होतं. काल एक पोर चेंडू पोटाशी धरून माझ्यापुढे नुसती उभी होती, आणि त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

पोरीने माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, हीसुद्धा घरचीच शिकवण. ती गेली.