खोचायचा भाग

“दोन महिने मी भात खाल्ला नाही, वैजू. दोन महिने,” दिनानाथ म्हणाले. त्यांनी आपला निळा चौकडीचा शर्ट खांद्यांना धरून उंच केला होता. शर्टाचा खालचा वीतभर भाग जिथे असायला हवा, तिथे तो नव्हता. नीट दुमडून घातलेली एक शिवण तेवढी होती.

“शिवण बघा ना किती सरळ आलीये,” वैजयंती म्हणाल्या.

“मी शिवणीबद्दल बोलत नाहीये.”

“मग कशाबद्दल बोलताय?”

“पोटाबद्दल बोलतोय.”

दिनानाथांची सगळी नोकरी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत झाली. शर्ट खोचल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही, हे ते तिथे शिकले आणि निवृत्तीनंतरही विसरले नाहीत. दूध आणायला जाताना ते शर्ट खोचत. खालच्या कट्ट्यावर पेपर वाचायलाही खोचूनच जात. असा माणूस वर हात करून पंख्याचं बटण दाबायला गेला आणि शर्ट बाहेर आला. वाकून चप्पल घालायला गेला, शर्ट बाहेर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर हात वर केला, तर शर्ट चहूबाजूंनी बाहेर आला आणि प्रश्न तसाच राहिला.

दिनानाथांनी यातून एकच निष्कर्ष काढला. पोट सुटलंय. त्यांनी भात सोडला, बटाटा सोडला, चहातली साखर सोडली. रोज सकाळी पाम बीच रोडच्या कडेने चालायला लागले. वजन उतरलं, पँट ढिली झाली, तरी शर्ट बाहेर यायचा थांबेना. चरबी मागून पुढे सरकत असणार, असं त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या हौसेरावांनी सांगितलं. हौसेरावांचेही शर्ट बाहेर येत होते, त्यामुळे त्यांना या विषयातलं कळत होतं. दोघं सोबत चालत आणि एकमेकांच्या पोटाकडे काळजीने बघत.

मग मागच्या आठवड्यात सुनेने, सईने, सासऱ्यांना वाढदिवसाचा नवा शर्ट आणला. तो खोचला आणि जागेवर राहिला. पंखा लावला, राहिला. वाकले, राहिला. दिनानाथांनी आज दुपारी संशयाने नवा आणि जुना शर्ट पलंगावर शेजारी शेजारी पसरला. मग कपाटातले उरलेले सगळे.

“सगळे कापलेस?”

“पांढरा नाही कापला. पांढऱ्याचं काय करू?”

“पण का?”

“अहो, खोचायचा भाग कोण बघतं?” वैजयंतींचा आवाज अगदी समजुतीचा होता. “चांगलं कापड आयुष्यभर पँटीत अंधारात बसून राहतं. मी त्याला उजेडात आणलं.”

“आई, एक मिनिट,” आतल्या खोलीतून सुयश आला. लॅपटॉपवर मीटिंग सुरू असल्याने तो वरून शर्टात आणि खालून बर्म्युड्यात होता. “माझ्या बाह्या. त्याही तूच?”

सुयश, त्यांचा एकुलता एक मुलगा, कॉलेजपासून बाह्या कोपरापर्यंत दुमडून फिरत असे. गेल्या महिन्यात ऑफिसात एसी फार गार झाला म्हणून त्याने एक बाही उलगडली, तर ती दोन घड्यांनंतर संपली. दुसरी बघितली, तीही तशीच. समोर बसलेल्या बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने हे नवीन फॅशनचं आहे असं सांगितलं होतं, आणि एकाने दुकानाचं नाव विचारलं होतं.

“तू उलगडतोस कधी? तुला बारावीपासून सांगतेय, बाह्या खाली घे, बरं दिसत नाही. ऐकलंस? मग मी समजले, तुला नको आहेत.”

“माझी मोरपिशी ओढणी धुऊन आटली असं तुम्ही म्हणाला होतात, आई,” सई सोफ्यावरून म्हणाली.

“थोडी आटलीसुद्धा होती.”

आता या बाईंबद्दल सांगायला हवं. वैजयंती माहेरच्या पेणच्या. लग्न होऊन नेरुळला आल्या तेव्हा सेक्टरात झाडं कमी आणि इमारतींचे सांगाडे जास्त होते. हाताला सतत काहीतरी लागायचं त्यांना. सुई, क्रोशाचा हुक, मणी, लोकर, काहीही. फक्त एक होतं. त्यांच्या हातून काहीही पुरं होत नसे. सुयश पोटात असताना विणायला घेतलेल्या मोज्यांपैकी एकच झाला. सुयशच्या स्वेटरला एक बाही आली आणि तोवर सुयश मोठा झाला. नवी मुंबईत स्वेटर लागतो कुठे, असं म्हणून तो प्रश्न मिटला. हॉलमध्ये हंसांच्या जोडीची फ्रेम होती, त्यात हंस एक. दारावर मण्यांचं तोरण होतं, ते डावीकडून सुरू होऊन देवाच्या कॅलेंडरपर्यंत येई आणि थांबे. पाहुणे विचारत, हे असंच डिझाइन आहे का. दिनानाथ हसून सांगत, “आमच्याकडे सगळं अर्ध्या किमतीत असतं.” हे ते इतकी वर्षं सांगत होते की वैजयंतींनाही पाठ झालं होतं. दिनानाथ हे म्हणायला लागले की त्या स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी उगाच पुसत.

मग यंदा सोसायटीने इमारती रंगवल्या. पाचही इमारतींना एकच बदामी रंग, एकाच रंगाचे छज्जे. वैजयंती भाजीची पिशवी घेऊन गेटातून आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. आपली इमारत कोणती, ते कळेना. पाट्या अजून लागल्या नव्हत्या. त्या मान वर करून बघत राहिल्या आणि मग त्यांना दोरीवरचा निळा चौकडीचा शर्ट दिसला. शेजारी सुयशचा राखी, सईची मोरपिशी ओढणी. वरच्या खिडकीत हौसेरावांचा तपकिरी रेघांचा. सगळ्यात वर चौथ्या मजल्यावरच्या पंढरींची हिरवी लुंगी, झेंड्यासारखी. माणसं आत होती, दारं बंद होती, पण अख्खी इमारत तिथे वाळत होती. भाजीवाल्याने दिलेली कोथिंबीर उन्हात मान टाकेपर्यंत त्या तिथे उभ्या होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी गोधडी शिवायला घ्यायची ठरवली. बदामी चादरीवर इमारत, प्रत्येक खिडकीत दोरी, दोरीवर त्या त्या घरातले बोटभर कपडे. कापड मात्र त्याच कपड्याचं. “दुसऱ्या निळ्याचा केला असता ना,” त्या आता दिनानाथांना सांगत होत्या, “तर तो शर्ट दिसला असता. तुमचा शर्ट दिसला नसता.”

आणि ही इमारत त्या पुरी करणार होत्या. महिला मंडळाचं हस्तकला प्रदर्शन रविवारी होतं. त्यांनी नाव दिलं होतं, आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण घरी सांगितलं असतं तर दिनानाथ अर्ध्या किमतीचं म्हणाले असते.

“पण हौसेरावांचं कापड तुझ्याकडे कसं आलं?” दिनानाथांनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

त्यांच्यासारख्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या ग्रिलवर वरच्या सगळ्या मजल्यांचे कपडे पडतात. वैजयंती ते वर्षानुवर्षं घडी करून नेऊन देत. गेले काही महिने त्या जरा उशिराने देत होत्या. घडी मात्र इतकी सुंदर असे की लोक उलगडतच नसत, तशीच कपाटात ठेवत.

“म्हणजे हौसेरावांचं पोटसुद्धा…”

“सुटलेलं नाही. चांगला आहे माणूस, उगाच पळतोय.”

दिनानाथांनी शर्ट पलंगावर ठेवला आणि कचेरीत फाइल बंद करताना काढत तसा आवाज काढला. “वैजू, हे सगळं उसवायचं. ज्याचं त्याला परत. लोकांच्या कपड्यांना कात्री लावून प्रदर्शन भरवायचं नाही. मी हौसेरावांना बोलावतो, त्यांच्यासमोरच सोक्षमोक्ष होऊ दे.”

वैजयंतींनी हात पाठीमागे घेतले. सईने ते पाहिलं आणि कपाटावरची सासूबाईंची शिवणकामाची पिशवी काढून गोधडी हॉलमध्ये फरशीवर पसरली. सगळ्यांना सोफ्यावर पाय घेऊन बसावं लागलं.

हौसेराव आले ते चालून आल्याच्या घामातच. मूळचे कराडचे, आवाज तिसऱ्या मजल्यावरून गेटापर्यंत पोचणारा. दिनानाथांनी त्यांना दारातच सगळं सांगितलं. पोट, शर्ट, ग्रिल, घडी. हौसेरावांनी आपला शर्ट पँटीतून काढला, कडेकडेने चाचपला आणि बराच वेळ शिवणीकडे बघितलं.

“म्हणजे दिनानाथ, माझं पोट सुटलंच न्हाई?”

“नाही.”

“आन् त्या डॉक्टरनं मला काकडी खायला लावली व्हय.” ते खाली वाकले. गोधडीवरच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा तपकिरी रेघांचा शर्ट दोरीला लटकत होता, करंगळीएवढा, दोन धाग्यांच्या चिमट्यांसकट. “वहिनी, हा मीच की वो.”

“तुम्हीच,” वैजयंती म्हणाल्या.

“ही एक बाजू खाली लोंबतीय.”

“तुम्ही चिमटा एकीकडेच लावता. मी रोज बघते.”

हौसेराव खूश झाले. मग त्यांनी चौथ्या मजल्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “पंढरीची लुंगी माझ्यापरीस मोठी का?”

“लुंगी आहे ती. मोठीच असते.”

“तरी पण. मेंटेनन्स दोघं सारखाच भरतोय. अजून एक बनियन घालता यील माझी. वरून पाठवू का? अख्खी पाठवतो, कापत बसू नका.”

दिनानाथ त्यांच्याकडे बघत होते. “हौसेराव, मी तुम्हाला तक्रार करायला बोलावलं.”

“करतोय की. लुंगीची तक्रार न्हवं का?”

ते बनियन आणायला गेले. आता दिनानाथांच्या बाजूने कोणी उरलं नव्हतं. सुयश आपला राखी शर्ट शोधून त्याचा फोटो काढत होता. दिनानाथही मग चष्मा लावून गोधडीवरच्या पहिल्या मजल्यावर आले. निळी चौकडी सापडली. तिच्या शेजारी एक पांढरट तुकडा होता आणि त्याला मुद्दाम भोकं पाडलेली होती.

“ही माझी बनियन?”

“भोकं मोजून पाडलीत. तुमची पुढच्या दोरीवर मधोमध असते, चुकायला नको.”

दिनानाथांनी भोकं मोजली. आपल्या वस्तूची इतकी अचूक नोंद त्यांच्या कचेरीतही कोणी ठेवली नव्हती.

“आई,” सई गोधडीवर ओणवी होत म्हणाली, “आपल्या दोरीवर इथे जागा रिकामी आहे. ओढणीनंतर. नुसते चिमटे लावलेत.”

“ती माझी.”

“मग लावा ना. रविवार आला.”

“काय लावू? जे वाळताना दिसतं तेच लावलंय सगळ्यांचं. माझा गाऊन बाथरूममध्ये वाळतो.”

हे खरं होतं. घरात आल्या वर्षीच दिनानाथांनी सांगितलं होतं, समोर कॉलनी आहे, बाईमाणसाचा गाऊन पुढे बरा दिसत नाही. तेव्हापासून वैजयंतींचे गाऊन बाथरूमच्या खिळ्यावर बादलीच्या वर थेंब गाळत असत आणि पावसाळ्यात त्यांना वास येई. दिनानाथांची बनियन पुढे, गाऊन मागे. कोणी याचा पुन्हा विचार केला नव्हता.

“एखादी साडी लावून टाक,” दिनानाथ हळूच म्हणाले. “कोणाला कळतंय?”

“मला कळतं. साडी मी सणाला नेसते. रोज असते ती गाऊनमधली.”

“मग ती जागा राहू दे तशीच. छान दिसतंय.”

“अर्धवट दिसतंय.”

यावर दिनानाथांकडे नेहमीचा विनोद तयार होता. तो ओठांपर्यंत आलाही. सईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

वैजयंती उठल्या. त्यांनी गोधडीची घडी घातली, तीच ती, कोणालाही उलगडावीशी वाटणार नाही अशी. कुकरची पहिली शिट्टी झाली.

“उद्यापासून माझा पिवळ्या फुलांचा गाऊन पुढच्या दोरीवर मधोमध वाळेल,” त्या म्हणाल्या. “वाळत तुम्ही घालायचा, दोन्ही बाजूंनी चिमटे लावून. तो वाळला की मी कापणार, आणि रविवारी इमारत पुरी असेल. आज भात आहे, सगळ्यांनी खायचाय.”