डग्ग्यावरचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला थोडं ठाऊक असावं — पण तिनंही कधी विषय काढला नाही.

मी कोल्हापुरात तबला शिकवतो. समजावून सांगावं तर सरांनीच, असं पालक म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण खरं सांगू? डग्ग्याचा घुमारा, तो खालचा, गोल, सरकता आवाज, सांगून येतच नाही. मनगट किती दाबायचं, कधी सोडायचं — याला शब्द कुठून आणणार? माझे गुरुजी बोलायचेच नाहीत. माझा तळवा स्वतःच्या हातावर ठेवून घ्यायचे आणि वाजवायचे. त्यांचं मनगट सैल पडलं की माझंही पडायचं. असं पुष्कळ दिवस चाललं आणि एका सकाळी माझा डग्गा बोलायला लागला. पुढं मीही सगळ्यांना तसंच शिकवत आलो. एकीला सोडून.

वैशाली हातकणंगल्याहून रेल्वेनं यायची, कॉलेजात होती. तिचा तबला इतका स्वच्छ, की ऐकून आनंद व्हायच्या आधी मी त्यात चूक शोधायला लागायचो. डग्गा तेवढा राहिला होता. तो आला असता, तर गावातल्या गाणाऱ्यांनी साथीला मला कशाला बोलावलं असतं? माझा जळफळाट व्हायचा. एवढंच होतं — आणि एवढं कबूल करायला इतकी वर्षं गेली.

मग मी काय केलं? तिला समजावून सांगितलं. भरपूर. वजन, कोन, मनगट... फळ्यावर हाताचं चित्रसुद्धा काढलं. त्यानं काही येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना. बायको तिथंच लसूण सोलत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "अहो, हातावर हात ठेवून दाखवा की. पोरांस्नी दाखवताय न्हवं?" परक्या मुलीचा हात कसा धरायचा, बरं दिसत नाही, असं मी म्हणालो. गुरुजींनी माझ्यादेखत मुलींना तसंच शिकवलं होतं.

शेवटी वैशालीनंच विचारलं, "सर, माझा हातच जड हाय व्हय?"

तेव्हा तरी खरं बोलायचं — पण नाही. "असतो एकेकाचा," मी म्हणालो. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आता ती वारणानगरला शिक्षिका आहे. दर गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन येते, वाकून नमस्कार करते. यंदा लेकीला आणलं होतं. पोर बसल्या बसल्या मांडीवर बोटांनी ठेका धरत होती, आणि लय कुठं ढळत नव्हती. हिला तबल्याला घातलं का, असं मी विचारलं.

वैशाली हसली. "न्हाय सर. आमच्या घरात हातच जड. तुम्ही एवढं जीव तोडून सांगितलंत, तरी मला आलं न्हाय की. हिला कशाला तरास? चित्रकलेला घातलंय."

आणि तिनं पोरीचा हात धरून ठेका थांबवला. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "बरं केलंस."