शिगवणकाकांचं रीडिंग

शिगवणकाका गेल्याचं मला एसएमएसवरून कळलं, तेही चार दिवसांनी. मी बेव्हर्ली पार्कात राहते, ते गोडदेवला राहायचे. रिक्षाने असं कितीसं अंतर? तरी बारावं होईपर्यंत माझे पाय तिकडे वळले नाहीत… धीरच झाला नाही.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यात पॅराशूटच्या दोऱ्यांची चाचणी व्हायची. दोरी ठरलेल्या लांबीपर्यंत ओढायची आणि तिच्यात किती ताण आला ते मीटरवर बघून रजिस्टरात लिहायचं. सगळ्या दोऱ्यांचा ताण सारखा नसला तर छत्री कलती उघडते. काका रत्नागिरीकडचे, सातवी शिकलेले, पण या कामात माझा डिप्लोमा त्यांच्यापुढे पाणी भरायचा. दोरी ओढली की ते हाताची घडी घालून नुसते उभे राहत. ताणलेलं नायलॉन जरा सैलावतं, आकडा उतरत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. तो खरा. "दोरीला दम खाऊ द्या, मॅडम," ते म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची आणि तरी त्यांची साहेब. शिवाय स्वभावाने उतावळी. माझा चहासुद्धा कपात पडायच्या आधी संपतो असं ते मला चिडवायचे.

नवं डिजिटल मीटर आलं त्याच आठवड्यात माल तातडीने पाठवायचा होता. काका नेहमीसारखे थांबले. मी म्हटलं, "काका, काट्याचे दिवस गेले. आकडा दिसला की लिहून टाका." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लिहायला लागले.

माल परत आला. ताण कमी-जास्त भरत होते. सेठनी रजिस्टर उघडून विचारलं, "रीडिंग किसने लिया?" माझी नोकरी नवी होती. मी गप्प राहिले.

"अक्षर मेरा है, सेठ," काका म्हणाले.

त्यांना पॅकिंगला टाकलं, तिथूनच ते रिटायर झाले. येता-जाता भेटले की "बरं चाललंय ना, मॅडम?" म्हणून विचारायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी वर्षं घालवली. हा भ्याडपणा होता. त्यांनी मला पाठीशी घातलं, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

परवा शेवटी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही तिथंच होतात ना? शेवटपर्यंत हे म्हणत होते, मॅडम शिकलेली बाई, ती चुकीचं कशाला सांगेल? मीच त्या नव्या मीटरवर काहीतरी भलतं वाचलं असणार…"

"नाही काकू," मी म्हटलं. "त्यांनी बरोबर वाचलं होतं. चूक माझी होती."

काकूंनी माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचंत ना."

फळीवर काकांचा चष्मा होता. पॅकिंगला गेल्यावर पहिल्याच रविवारी ते डोळे तपासून आले होते, काकूंनी सांगितलं. नंबर बदललेला नव्हता. तरी त्यांनी नवा चष्मा करून घेतला होता.