कुंचीचं कडवं

हार्मोनियमचं झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि मला वाचनालयाच्या सभागृहातली ती संध्याकाळ आठवते. माझ्या कवितांना चाली लावून मित्र गात होता. मी त्याच्या शेजारी मंचावर आणि बायको पहिल्या रांगेत. आमचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हा त्याच्यासाठी शिवलेली कुंची तिने घडी घालून ट्रंकेत ठेवली होती. त्याविषयी ती सख्ख्या बहिणीशीही कधी बोलली नाही. मी मात्र त्यावर कविता लिहिली, गायला दिली, आणि तिला सांगायचं रोज उद्यावर ढकलत राहिलो. कुंचीचं कडवं सुरू झालं तसा तिने पदर मुठीत घट्ट धरला. शेजारची बाई तिच्याकडे झुकून म्हणाली, "वहिनी, नशीबवान हो तुम्ही, नवरा कवी!" कडवं संपतंय तोच मागून आवाज आला, "वन्स मोअर! तेवढं कुंचीचं परत होऊ द्या!" कवी मंचावर असला की त्याने मान हलवल्याशिवाय गायक कडवं परत घेत नाही, अशी आमच्याकडची रीत. मित्र माझ्याकडे बघत थांबला. तीही बघत होती. टाळ्या थांबेनात. मी मान हलवली. घरी जाताना, नदीच्या पुलावरून पंचवटीकडे वळताना, स्कूटरवर मागे बसलेली ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्या वेळेला तरी नको म्हणायचं होतं तुम्ही." परवा एका मंडळाने कार्यक्रमासाठी तीच कविता मागितली. मी होकार कळवलाय. तिला अजून सांगितलेलं नाही.