साडूंच्या घरात अ‍ॅपला बंदी

संशय घेण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस महाड-पोलादपुरात मिळायचा नाही. तुडीलला त्यांचं घर, सावित्रीकाठी भातशेती, वय साठीपुढचं, आणि जगात कोणी उगाच गोड बोलत नाही यावर गाढ श्रद्धा. महाडच्या कपड्याच्या दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागितला, तर हे गरजले, "लेंगा घेतोय, सोयरीक नाय जमवत!" पण खरं वैर अ‍ॅपशी. एसटीची वेळ बघायची असो की गॅसचा नंबर लावायचा असो, सगळं वेबसाइटवर. 'अ‍ॅपमध्ये उघडा' अशी पट्टी खालून वर आली की नखाने तिची फुली दाबायची, परत आली की परत, बैलाच्या कानातली गोचीड काढावी तशी. "साडू, वेबसाइट म्हंजे दुकान. काम झालं, आपण बाहेर. अ‍ॅप म्हंजे दुकानदारच माजघरात येऊन बसला. फोटो दाखव म्हणतो, सोयऱ्यांचे नंबर दे म्हणतो. आपला जावई तरी एवढं विचारतो काय?" अ‍ॅपवर सूट मिळते, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "कोंबडीला दाणे पण फुकटच टाकतात," म्हणाले. धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा तर त्यांनी पाहुण्यांचे मोबाईल गोळा करून पडवीत टोपलीखाली झाकून ठेवले. वरपक्ष चाटच पडला. तरी लग्न जमलं, हे पोरीचं नशीब.

त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर असतो. भर समुद्रात रेंज नसली की फोन नाही. पण जहाज कुठे आहे ते एका वेबसाइटवर नकाशात ठिपक्यासारखं दिसतं, आणि तो ठिपका बघितल्याशिवाय साडू सकाळचा चहा तोंडाला लावत नाहीत. गेल्या महिन्यात फोन येऊन नऊ दिवस झाले, त्यात तिकडच्या समुद्रात वादळाची बातमी, आणि नेमका नकाशा उघडेना. ठिपक्याच्या जागी एक ओळ: 'पुढे पाहण्यासाठी अ‍ॅप घ्या.' दोन दिवस ते शिव्या घालत राहिले. "मुद्दाम बंद केली मेल्यांनी!" तिसऱ्या दिवशी मला फोन आला. आवाज पार उतरलेला. "साडू, जरा येता काय?"

मी महाडहून तडक गेलो, अ‍ॅप घेतलं. त्याने पहिल्याच झटक्याला विचारलं: तुम्ही कुठे आहात, ते आम्हाला कळू द्याल का? साडू ताडकन उठले. "बघा! पोराचा ठाव विचारला तर बापाचा मागतात!" मी म्हटलं, "भाऊ, नाही म्हणा. तरी चालतं." त्यांनी बोट पुढे केलं आणि ते तसंच थांबलं. त्या माणसाला मी भांडताना शंभरदा पाहिलंय, घाबरलेला पहिल्यांदाच पाहिला. "नाय म्हटलं, नि त्यांनी रागाने पोरगा दाखवलाच नाय तर?" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने 'हो' दाबलं.

नकाशा उघडला. जहाज वादळापासून पुष्कळ लांब, नीट चाललं होतं. इकडे तुडीलवर आणखी एक निळा ठिपका.

"हा कोण?"

"तुम्ही, भाऊ."

साडूंनी चष्मा पुसला, परत लावला. मग दोन ठिपक्यांच्या मध्ये बोटं आडवी ठेवून मोजली आणि आत बायकोला हाक मारली, "गो, ये बाहेर! चारच बोटांवर हाय आपला पोरगा."